कामाच्या ठिकाणी स्वतःवर हसता येणं : गरज की धोका?

गोदाकाठी

मंडळी, दहा दिवस झाले, एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. घरी सांगून झाली, मित्राला सांगून झाली, तरी समाधान नाही. म्हणून हा धागा काढतोय.

मी नाशिकच्या अंबडला एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात क्वालिटी बघतो. गाड्यांना लागणारे बुश, पिना, शाफ्ट असं टर्निंगचं काम. या लाइनला मला एकोणीस वर्षं झाली. मागच्या आठवड्यातल्या गुरुवारी दुसऱ्या पाळीत राउंडला गेलो, सीएनसी मशिनजवळच्या ट्रेमधून एक बुश उचलला आणि खिशातल्या व्हर्नियरने, म्हणजे दोन जबड्यांत नग धरून माप घ्यायच्या पट्टीने, बाहेरचा व्यास मोजला. ड्रॉइंगवर २५ मिमी, अधिक-उणे ०.१. माझं रीडिंग आलं २५.१४. दुसरा घेतला, २५.१६. तिसरा, पुन्हा तेच. मशिनवर नाना होते. छप्पन्न वर्षांचे आहेत, माझ्या आधीपासून कंपनीत. मी सगळ्यांसमोर आवाज चढवला. "नाना, ऑफसेट बघायला काय होतं? डोळे घरी ठेवून येता का?" आणि अठ्ठेचाळीस नग लाल बिनमध्ये, म्हणजे बाद मालात, टाकायला लावले.

नाना काही बोलले नाहीत. हात पुसले, माझ्याकडून व्हर्नियर घेतला, जबडे पुरते मिटवले आणि वर ट्यूबलाइटकडे धरला. फटीतून उजेड दिसत होता. नग जिथे धरतो नेमक्या तिथे केसाएवढी बर, म्हणजे धातूचं कुसळ, चिकटून बसली होती. त्यांनी ती नखाने काढली, फडक्याने जबडे पुसले, पुन्हा मिटवून उजेडाकडे धरले. आता उजेड बंद. मग बिनमधला एक बुश उचलून मोजला आणि रीडिंग माझ्यापुढे धरलं. २५.०२.

आजूबाजूला सात-आठ पोरं उभी होती. एका ट्रेनीला हसू फुटलं, त्याने ते दाबलं. मी म्हणालो, "हे इन्स्ट्रुमेंट बाजूला ठेवा," आणि केबिनमध्ये निघून गेलो.

तेव्हापासून मी फ्लोअरवर पाऊल टाकलं की गप्पा थांबतात. माल बरोबर येतोय, काम चालू आहे, कोणी उलट बोलत नाही. पण काहीतरी तुटलंय हे मला कळतंय. सारखं वाटतं, त्याच क्षणी मी हसून "अरे, डोळे तर माझेच घरी राहिले" एवढंच म्हणालो असतो तर? आमच्या पिढीला साहेबाने हसायचं नसतं असंच शिकवलंय. माझे पहिले मॅनेजर म्हणायचे, फ्लोअरवर एकदा हसं झालं की तुमच्या रिजेक्शन टॅगला कोणी विचारणार नाही.

तुमच्या कामात तुम्ही स्वतःवर हसता का? त्याने मान कमी होतो की वाढतो? वेगवेगळ्या क्षेत्रांतले लोक इथे आहेत, खरे अनुभव सांगा.

सातपूरकर७७

हसायला हवं होतं. अजून वेळ गेलेली नाही.

भद्रकालीकर

तो हसू दाबणारा ट्रेनी अजून कामावर आहे ना? त्याची काळजी वाटली.

खडूफळा

चांगला विषय काढलात. मी निफाड तालुक्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्या धंद्यात एक जुनी थाप आहे. फळ्यावर चूक झाली आणि पोरांनी पकडली की मास्तर म्हणतो, "शाब्बास, मी मुद्दाम केली होती, बघत होतो कोणाचं लक्ष आहे!" मीही सात-आठ वर्षं हेच म्हणायचो. पोरांना ती थाप कळते. ती फक्त बोलत नाहीत.

एकदा भिंगाच्या सूत्रात वस्तूच्या अंतराचं उणे चिन्ह घालायला विसरलो. उत्तर पुस्तकाशी जुळेना. मी पुस्तकच चुकलंय म्हणालो, पुन्हा सोडवलं, पुन्हा तेच. पस्तीस मिनिटं गेली. शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, पहिल्या ओळीत यू च्या आधी उणे नाही." तिचा आवाज घाबरलेला होता. त्या आवाजानेच मला थांबवलं. बरोबर उत्तर सांगताना पोरगी का घाबरते, तर तिने मला इतकी वर्षं ती थाप मारताना पाहिलंय. त्या दिवशी पहिल्यांदा मी खडू खाली ठेवला आणि खरोखर हसलो. म्हणालो, अर्धा तास पुस्तकाला दोष देतोय आणि चूक माझ्याच हाताची. वर्ग हसला. तीही हसली.

त्यानंतर वर्गात शंका विचारणं वाढलं. आधी तीच चार पोरं हात वर करायची. आता मागच्या बाकांवरून "सर, हे कळलं नाही" येतं. माझा मान कमी झाला असेल तर मला तरी तो कुठे कमी झालेला दिसला नाही.

भूलतज्ज्ञ

थोडा वेगळा सूर लावतो. मी नाशिकमध्येच भूलतज्ज्ञ आहे, बावीस वर्षं झाली. टेबलावर झोपलेल्या माणसाला हसरा डॉक्टर चालतो, स्वतःच्या चुकांवर हसणारा चालत नाही. शीर पहिल्या टोचणीत सापडली नाही आणि मी "आज माझा हात काही लागत नाही बुवा" म्हणालो, तर त्या माणसाची नाडी शंभरच्या वर गेलेली मला मॉनिटरवरच दिसेल. त्या वेळी त्याला माझा स्थिर चेहरा हवा असतो. तो देणं हा उपचाराचाच भाग आहे.

दार बंद झाल्यावर, आपल्या टीममध्ये, गोष्ट वेगळी. एमी एडमंडसन नावाच्या संशोधिकेने अमेरिकेतल्या रुग्णालयांमधल्या परिचारिकांच्या तुकड्यांचा अभ्यास केला होता, १९९६ साली तो प्रसिद्ध झाला. अपेक्षा अशी की चांगल्या चालणाऱ्या तुकड्यांमध्ये औषधांच्या चुका कमी असतील. आकडे उलटे आले, तिथे नोंदलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर दिसलं की तिथल्या लोकांना चूक सांगायची भीती नव्हती, म्हणून चुका कागदावर येत होत्या. इतर ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. गोदाकाठी, तुमच्या फ्लोअरवर गप्पा थांबल्या हे वाचून मला पहिल्यांदा तेच आठवलं. उद्या कोणाच्या हातून खरंच नग बिघडला तर तो तुम्हाला सांगेल का, ते बघा.

आमच्याकडे नवीन निवासी डॉक्टर आला की मी पहिल्या आठवड्यातच त्याला माझी शिकाऊ असतानाची एक चूक सांगतो. सिरिंजवर लेबल लावायला विसरलो होतो. वेळीच लक्षात आलं आणि ती सिरिंज फेकून दिली. सांगताना मी हसतो, तोही हसतो. पण त्यानंतर लेबल न लावलेली सिरिंज त्याच्या ट्रेमध्ये मी कधी पाहिलेली नाही.

ओली_वाळू

सगळे पुरुष हसा हसा म्हणताय, म्हणून लिहायला बसले.

मी सिव्हिल इंजिनियर आहे. पाथर्डी फाटा, इंदिरानगर या बाजूच्या साइट्सवर चौदा वर्षं काढली. सुरुवातीला साइटवर मी एकटी बाई. मिस्त्री, सेंटरिंगवाले, ठेकेदार, सगळे पुरुष. त्यांच्यात मिसळायचं म्हणून मी काय करायचे, तर स्वतःवरच विनोद. "माझं गणित कच्चं आहे हो, तुम्हीच एकदा बघा." "मला काय कळतंय, मी तर नवीन." लोक हसायचे, वातावरण मोकळं व्हायचं, मलाही वाटायचं की आपण छान जमवून घेतलं.

दीड वर्षानंतर एका मोठ्या इमारतीचं एस्टिमेट काढायचं होतं. स्टीलची बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे गजांचा हिशोब, मी तोवर डोळे मिटून करत होते. काम गेलं माझ्यानंतर आठ महिन्यांनी लागलेल्या मुलाकडे. मी साहेबांना विचारलं. ते मनापासून म्हणाले, "अगं, तूच म्हणतेस ना तुझं गणित कच्चं आहे?" त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांचा खरंच विश्वास बसला होता. तो विश्वास मीच रोज थोडा थोडा बसवला होता.

त्या रात्री मी रडले आणि दुसऱ्या दिवसापासून तो विनोद बंद केला. गोदाकाठी दादांकडे एकोणीस वर्षं आहेत, खुर्ची आहे, त्यांना एकदा हसणं परवडतं. ज्याच्याबद्दल आधीच शंका घेतली जाते तो हसला की लोक ती शंका पक्की करतात.

सप्तशृंगी_पायथा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. बँकेत काउंटरवर मीही हेच केलंय. "मला कॉम्प्युटरचं काय जमत नाही" म्हणत म्हणत पाच वर्षं पासबुक छापत बसले.

कॉलेजरोड

मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवलं नाही. खडूफळा आणि ओली_वाळू यांच्यात मला भांडण दिसत नाही. दोघांनी एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्यात.

रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या शैली मोजणारी ३२ विधानांची प्रश्नावली तयार केली. त्यात चार शैली आहेत. माणसं जोडणारा विनोद, स्वतःला सावरणारा विनोद, दुसऱ्याला बोचणारा विनोद आणि चौथी, स्वतःला खाली पाडून इतरांची मर्जी मिळवणारा विनोद. खडूफळा सरांचं हसणं पहिल्या दोघांत बसतं. ताई करत होत्या ते चौथं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, दोन्हींत माणूस स्वतःवरच हसतो. पण एक झालेल्या चुकीवर हसतो आणि दुसरा आपल्या लायकीवर. "मी आज उणे चिन्ह विसरलो" आणि "माझं गणित कच्चं आहे" ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा.

अजून एक प्रयोग सांगते. एलियट अ‍ॅरन्सन, १९६६. विद्यार्थ्यांना प्रश्नमंजुषेच्या उमेदवारांची ध्वनिफीत ऐकवली. एक उमेदवार हुशार, ९२ टक्के उत्तरं बरोबर. दुसरा बेताचा, ३० टक्के. काही फितींमध्ये शेवटी उमेदवाराच्या हातून कपड्यांवर कॉफी सांडते. कॉफी सांडल्यावर हुशार उमेदवार ऐकणाऱ्यांना जास्त आवडला. बेताचा उमेदवार मात्र कॉफी सांडल्यावर आणखी नावडता झाला. ओली_वाळू म्हणतात ते यात आहेच. लोकांना आधी तुमचं काम दिसलेलं असेल तर चूक तुम्हाला त्यांच्याजवळ आणते. बाईच्या बाबतीत काम दिसूनही न दिसल्यासारखं होतं, तो आपल्याकडचा जास्तीचा अडथळा.

गोदाकाठी

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं वाचून मी थांबलो. मी हे सगळं फक्त माझ्या बाजूने बघत होतो.

भूलतज्ज्ञ साहेब, तुमचा प्रश्न जिव्हारी लागला. काल लंच टाइमला लाइन बघितली. पूर्वी पोरं स्वतःहून "साहेब, हा नग बघा, जरा शंका आहे" म्हणत यायची. या दहा दिवसांत एकही आलं नाही.

डबलबेल

मी लांब पल्ल्याच्या बसवर वाहक आहे. शिकलेल्या मंडळींत लिहू का नको असं झालं होतं, पण अनुभव आहे तर सांगतो.

नाशिक-पुणे रात्रीची गाडी. आळेफाट्याला चहाला थांबलो. प्रवासी चढले, मी मोजले, दार लावलं आणि डबल बेल दिली. गाडी हलेना. पुन्हा डबल बेल. गाडी जागची हलेना. मला राग आला, जोरात ओरडलो, "अहो चला की, उशीर झालाय!" पहिल्या सीटवरच्या आजी म्हणाल्या, "बाळा, डायवर खाली च्या पितोय." खिडकीतून बघतो तर आमचे ड्रायव्हर टपरीवर उभे, बशीत चहा ओतून फुंकर मारत होते. प्रवासी मोजले, पण ड्रायव्हर मोजायचा राहिला.

अख्खी गाडी हसली. मीही हसलो, हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. पण खरी गोष्ट पुढे आहे. त्याच रात्री मंचरच्या पुढे टायर बसला. पाऊस, अंधार, पाऊण तास गेला. एरवी अशा वेळी प्रवासी वाहकाच्या अंगावर येतात. त्या रात्री कोणी आवाज चढवला नाही. दोघं-तिघं मोबाइलचा उजेड धरून उभे राहिले. आजींनी मला लाडू दिला. एकदा सगळे मिळून हसले होते ना, त्याचं हे आहे असं मला वाटतं.

भद्रकालीकर

डबलबेल, लिहू का नको असं पुन्हा कधी वाटू देऊ नका. या धाग्यावरची माझी सगळ्यात आवडती पोस्ट.

नवा_भिडू

मी चोवीस वर्षांचा, आयटीत. आमच्याकडे हे उलटं चालतं. दर शुक्रवारी आमचा लीड सगळ्यांना बसवतो आणि म्हणतो, प्रत्येकाने आठवड्यातली आपली एक फजिती सांगायची, स्वतःवर हसायला शिका. ऐकायला छान वाटतं. तो स्वतः कधीच सांगत नाही. आम्ही सांगितलेल्या गोष्टी मात्र अप्रेझलच्या वेळी त्याच्या तोंडून बाहेर येतात. आमच्यातल्या एकाने क्लायंटला चुकीच्या नावाने मेल गेल्याचं सांगितलं होतं, त्याला अजून त्या नावाने हाक मारतात. आता सगळे घरून खोट्या फजित्या तयार करून आणतात.

काका, तुम्ही हसायला शिका, पण आम्हाला हसायला लावू नका.

शून्यदोष

नवा_भिडू, हे फार महत्त्वाचं लिहिलंत.

मी सिन्नरला क्वालिटी सर्कलचं ट्रेनिंग घेतो, गोदाकाठींच्याच जातकुळीतला. आपण रोज पोका-योके हा जपानी शब्द म्हणतो, नग धरायच्या फिक्श्चरला पिन लावतो, म्हणजे नग उलटा बसतच नाही. याचं आधीचं नाव होतं बाका-योके. बाका म्हणजे मूर्ख. मूर्खाच्या हातूनही चूक होऊ नये अशी सोय. शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्यांनी लिहून ठेवलंय की १९६३ मध्ये अराकावा बॉडी कंपनीत ही सोय बसवताना हे नाव सांगितलं गेलं, तेव्हा तिथे अर्धवेळ काम करणारी एक कामगार बाई रडायला लागली. मी एवढी मूर्ख आहे का, असं तिचं म्हणणं. शिंगो यांनी नाव बदललं. पोका म्हणजे अनवधानाने झालेली चूक.

कॉलेजरोड यांनी दोन वाक्यं शेजारी ठेवली, तोच हा फरक आहे. पोकावर कोणीही हसावं, सगळ्यांनी मिळून हसावं. बाका कोणालाच म्हणू नये, स्वतःलासुद्धा. गोदाकाठी साहेब, राग मानू नका, पण "डोळे घरी ठेवून येता का" हे बाका होतं.

गोदाकाठी

राग नाही. होतं.

थॉमसन

दिंडोरी पट्ट्यात द्राक्षबागांना सल्ला देतो. मला वाटतं सगळे मूळ मुद्द्याच्या थोडं बाजूने जाताय.

ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात, म्हणजे ते रसायन काडीला लावतात. मात्रा काडीच्या जाडीवर ठरते. जाड काडीला जास्त, बारीक काडीला कमी. या धंद्यात माझं तिसरं वर्ष होतं, दिवसाला पंधरा बागांचे फोन. एका शेतकऱ्याला मी जाड काडीची मात्रा सांगितली, त्याची बाग बारीक काडीची होती. डोळे जळाले. दीड एकर.

मी बागेत गेलो. काडीला नख लावलं तर डोळा आतून तपकिरी, चुरा होऊन पडत होता. पडवीत बसलो, वहिनींनी चहा आणला. मला ती शांतता सहन होईना, म्हणून म्हणालो, "शाळेत गणितात कमी मार्क पडायचे, ते उगाच नाही," आणि हसलो. वहिनींनी कप माझ्यासमोर ठेवला आणि आत निघून गेल्या. दादा काडीकडे बघत राहिले. ते हसणं माझ्या आजवरच्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट आहे, चुकीच्या मात्रेपेक्षाही. वर्ष त्यांचं गेलं होतं आणि हसून मोकळा मी झालो.

पुढचे दोन हंगाम त्यांच्याकडून फी घेतली नाही. दर आठवड्याला बागेत गेलो, बोलावलं नाही तरी. तिसऱ्या वर्षी पेस्टिंगच्या दिवशी मी मात्रा सांगत होतो, तर दादा म्हणाले, "साहेब, काडी बघून सांगताय ना?" आणि हसले. मग मीही हसलो. आतून वहिनी पण हसल्या.

गोदाकाठी, तुम्ही त्या गुरुवारी हसला असतात तर बरं झालं असतं असं मला वाटत नाही. अपमान नानांचा झाला होता. त्याच मिनिटाला हसून सोडून दिलं असतं तर पोरं हसली असती, तुम्ही सुटला असतात आणि नाना तिथेच उभे राहिले असते. आधी सरळ शब्दांत माफी मागा. त्यावर हसायचं की नाही, ते नानांना ठरवू द्या.

सातपूरकर७७

माझी पहिली पोस्ट मागे घेतो. थॉमसन बरोबर आहेत.

ओली_वाळू

थॉमसन, हेच मला म्हणायचं होतं आणि सापडत नव्हतं.

पाना_नंबर_तेरा

विमान देखभालीच्या कामातून निवृत्त. थोडक्यात लिहितो. काम संपलं की एकूण एक हत्यार मोजायचं, एक जरी कमी भरलं तरी विमान सोडायचं नाही, हा नियम. एका संध्याकाळी तेराचा पाना सापडेना. बारा माणसं तीन तास शोधत होती, पॅनेल्स पुन्हा उघडली. पाना माझ्या डांगरीच्या मागच्या खिशात निघाला. आमचे वरिष्ठ एवढंच म्हणाले, "सापडला हे सांगितलंस, आता सगळ्यांना चहा पाज." मी चहा पाजला आणि बाराही जणांची एकेक करून माफी मागितली. पुढे पंचवीस वर्षं प्रत्येक नव्या तुकडीला ही गोष्ट मी स्वतः सांगितली आणि त्यांना पोटभर हसू दिलं. एखादं पोरगं खिशातला पाना गुपचूप पेटीत सरकवण्याऐवजी हात वर करून सांगायचं, तेव्हा मला त्या तीन तासांचं चीज झाल्यासारखं वाटायचं.

तिवंधा_चौक

मी जुन्या नाशिकचा, म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. रंगपंचमीला आपल्या रहाडी उघडतात. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा. पेशवेकाळापासूनचे हे दगडी हौद, वर्षभर मातीखाली असतात, त्या दिवशी रंगाने भरतात. त्यात धप्पा, म्हणजे उडी, मारायचा. धप्पा मारताना दुकानाचा शेठ असो की हमाल, वर येताना दोघांचे चेहरे एकाच रंगाचे. आमच्या आजोबांची भांड्यांची पेढी होती, वर्षभर कडक माणूस. पण त्या दिवशी त्यांचा धप्पा बघायला दुकानातली पोरं कठड्यावर रांग लावायची आणि ते उलटे-सुलटे पडले की टाळ्या वाजवायची. दुसऱ्या दिवशी पेढीवर तेच आजोबा, तीच पोरं, हिशोबात पै इकडची तिकडे नाही. साहेबाने हसायचं नसतं हे आपल्या गावात कुठून आलं, मला खरंच कळत नाही.

संस्कृत_काकू

तिवंधा_चौक यांना पुस्ती. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाचे दोन प्रकार सांगितलेत, आत्मस्थ आणि परस्थ. स्वतः हसतो तो आत्मस्थ, दुसऱ्याला हसवतो तो परस्थ. आणि हसण्याच्या सहा पायऱ्या, स्मितापासून अतिहसितापर्यंत. थोरांना शोभतं ते स्मित आणि हसित असं तिथे म्हटलंय. थोरांनी हसू नये असं कुठेही नाही.

भद्रकालीकर

रविवारी सकाळी गंगापूर रोडला मिसळ खात यावर बोलूया का? काळ्या मसाल्याची, पापड आणि दही.

डबलबेल

रविवारी पहाटे परत येतो. जमेल.

सप्तशृंगी_पायथा

पापड चुरून आधी घालायचा की शेवटी, यावर गेल्या वेळी धागा दोनशे प्रतिसादांवर गेला होता. इथे नको.

गोदाकाठी

सांगायचं राहिलं होतं, म्हणून परत आलोय. धागा वर आणल्याबद्दल माफ करा.

थॉमसन यांचं वाचल्यावर दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधी फ्लोअरवर गेलो. त्याच सात-आठ पोरांना थांबवलं, नानांच्या मशिनसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "नाना, गुरुवारी माप माझं चुकलं होतं. न तपासता मी तुम्हाला बोललो. डोळे घरी ठेवून येता का, हे मी बोलायला नको होतं. ते शब्द मागे घेतो." हसलो नाही. माझा आवाज थोडा कापत होता, तो तसाच राहू दिला.

नाना म्हणाले, "ठीक आहे साहेब." आणि ब्रश घेऊन चकमधल्या चिप्स झाडायला लागले. बास, एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी मोकळं होईल, पोरं हसतील. काहीच झालं नाही. त्या रात्री झोप लागली नाही. ओली_वाळू ताई, तुमची ती दीड वर्षं आठवत होती.

पुढे चार दिवस तसेच गेले. मंगळवारी राउंडला गेलो, ट्रेमधून एक नग उचलला, खिशात हात घातला. नाना मशिनवरून न वळताच म्हणाले, "साहेब, आधी उजेड."

मला क्षणभर कळलंच नाही. मग व्हर्नियर काढला, जबडे मिटवले आणि ट्यूबलाइटकडे धरला. मागून कोणीतरी हसलं, तोच ट्रेनी. या वेळी त्याने दाबलं नाही. नाना वळले, त्यांचे खांदे हलत होते. आणि मला हसू आलं ते थांबेना. एकोणीस वर्षांत त्या शेडमध्ये मी असा हसलो नव्हतो. बाजूच्या ग्राइंडिंगवाल्याने मशीन बंद करून विचारलं, काय झालं.

त्याच दिवशी दुपारी तो ट्रेनी एक शाफ्ट घेऊन केबिनमध्ये आला. "साहेब, स्टेपला जरा टेपर वाटतोय, बघता का?" मायक्रोमीटर लावला. टेपर, म्हणजे निमुळतेपणा, होता, ०.०३. एकशे दहा नग निघायच्या आधी सापडला.

आता पाळी सुरू होताना सगळेच आपापला व्हर्नियर मिटवून वर धरतात. कोणी नियम काढलेला नाही. शून्यदोष साहेब, त्याला पोरं "उजेड बघणं" म्हणतात.

भूलतज्ज्ञ

त्या ट्रेनीने आणलेला शाफ्ट लक्षात ठेवा, गोदाकाठी. फार आनंद झाला वाचून.

नवा_भिडू

काका, मस्त. आमच्या लीडला ही लिंक पाठवावी का, विचार करतोय.

ओली_वाळू

पाठव. माझी पोस्ट पण वाचायला सांग.

शून्यदोष

एक कामाचा प्रश्न. त्या व्हर्नियरवर कॅलिब्रेशनचं, म्हणजे माप तपासून घेतल्याचं, स्टिकर होतं का?

गोदाकाठी

होतं, मुदतीतलं. म्हणूनच मी बिनधास्त होतो.

भद्रकालीकर

रविवारी नऊ वाजता नक्की. गोदाकाठी, नानांना घेऊन या.

गोदाकाठी

विचारलं. नाना म्हणतात तर्री झेपत नाही, पण दही-पापड असेल तर येतो.